गावच्या ताओ मंदिरात एवढे देव आले कुठून?

प्रश्न : तैवानमधल्या एका खेड्यातल्या ताओ (चीनमधला एक जुना धर्म) मंदिराचा व्हिडिओ बघितला. मधोमध एक वैद्य देव, बाजूला समुद्राची देवी आणि चक्क बौद्धांची करुणेची देवी ग्वानयिनपण! ताओ धर्माचा आद्य गुरू मानला जाणारा लाओत्सं मात्र कुठेच नाही. मग हे ताओ मंदिर कसं?

उत्तर : ताओ मंदिरच आहे ते, अगदी नक्की. लाओत्सं हा ताओ परंपरेत सगळ्यात वरच्या तीन देवांपैकी एक, पण गावातल्या माणसाला रोज नड असते ती आजारपणाची, पिकाची, प्रवासाची, आणि त्यासाठी त्याला जवळचा देव लागतो. हे जवळचे देव बरेचदा एकेकाळची माणसंच असतात.

वैद्य म्हणजे बहुतेक बाओशेंग दा-दी. मूळचा वू ताओ नावाचा माणूस, जन्म 979 चा, चीनच्या फूच्येन प्रांतातला. गोरगरिबांना औषध द्यायचा, गेल्यावर लोक त्याला पुजायला लागले. त्याने वाघाच्या घशात अडकलेलं हाड काढलं अशी गोष्ट सांगतात, म्हणून वाघ त्याचा राखणदार. मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे त्याच्या काही जुन्या देवळांत औषधाच्या चिठ्ठ्या असायच्या, भांडं हलवून नंबरवाली काडी काढायची आणि त्या नंबरच्या चिठ्ठीवर जे औषध लिहिलंय ते घ्यायचं. देऊळ आणि दवाखाना एकाच छपराखाली!

समुद्राची देवी म्हणजे माझू, फूच्येनमधल्या मेइझोउ बेटावरची लिन नावाच्या घरातली मुलगी, परंपरेनुसार जन्म 960 चा. तिच्या दोन्ही बाजूंना दोन राखणदार बघा, एक जण हजार कोस लांबचं बघतो, दुसरा वाऱ्यावरचं ऐकतो.

आता हे एकत्र कसे आले? 17व्या शतकापासून फूच्येनमधले लोक मोठ्या संख्येने मधली सामुद्रधुनी ओलांडून तैवानला आले, वादळाची भीती असायचीच, आणि येताना आपल्या गावच्या देवळातल्या धूपदाणीतली राख सोबत आणायचे. त्या राखेतून नवं देऊळ उभं राहायचं. मग शेजारची माणसं आपापले देव घेऊन आली, आणि ग्वानयिन तर सगळ्यांचीच लाडकी, ती बौद्ध की ताओ असं कुणी विचारत बसलं नाही.

तिकडे कधी गेलात तर राख कुठल्या देवळातून आली ते आधी विचारा, आणि खांबांवर कोरलेली देणगीदारांची नावं आणि साल बघा. नव्या खांबांवर तैवानचं प्रजासत्ताक साल असतं, त्यात 1911 मिळवले की आपलं इसवी साल, म्हणजे 70 लिहिलं असेल तर 1981.