जिलबीचा रंग लोकरीवर चढला नाही, मग ती केशराची का?

प्रश्न : आमच्या चौकातला हलवाई सांगतो की जिलबीत केशर आहे, रंग नाही. लेकीने विज्ञान प्रदर्शनासाठी जिलबीच्या पाण्यात व्हिनेगर घातलं आणि स्वेटर विणून उरलेली पांढरी लोकर त्यात उकळली. लोकर पांढरीच राहिली. मग हलवाई खरं बोलतो ना? आणि रंग असलाच तर तो मोजतात कसा?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी त्या लोकरीचा एक धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास येऊन राख चुरली तर लोकर मेंढीची. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिकची, आणि हल्ली स्वेटरची लोकर बऱ्याचदा तीच असते. मेंढीची लोकर प्रथिनाची. आम्लात तिच्यावर धनभार येतो आणि टार्ट्राझिन या खायच्या कृत्रिम पिवळ्या रंगासारखा ऋणभारित रंग तिला घट्ट धरतो. ॲक्रिलिकवर तो बसतच नाही. तसं असेल तर या प्रयोगाने हलवाई खराही ठरत नाही आणि खोटाही.

सत्तावीस वर्षं मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. पहिल्याच वर्षी लडीतली लोकर न धुता वापरली आणि निम्मा रंग चंचुपात्रातच राहिला. लोकरीचा तेलकटपणा सौम्य कॉस्टिक सोड्यात उकळून काढायचा असतो, हे तेव्हा नीट कळलं.

जिलबी तर फारच चिवट नमुना. मैद्याचा स्टार्च रंग सोडत नाही, वर तूप. आम्ही १० ग्रॅम जिलबी कुटून पेट्रोलियम ईथरने तूप काढायचो. मग अमोनिया घातलेल्या अल्कोहोलमध्ये घुसळायची, निवळ वेगळी करायची. निवळ बिनरंगी येईपर्यंत पुन्हा पुन्हा. अल्कोहोल उडवून, ॲसिटिक आम्ल घालून त्यात लोकर उकळायची. ती धुऊन गरम सौम्य अमोनियात टाकली की रंग उतरतो. ते पाणी पुन्हा आम्लधर्मी करून त्यात नवा धागा. ही दुसरी फेरी टाळू नये, कारण केशर-हळदही पहिल्या धाग्यावर थोडी चढते. हळद अमोनियात लालसर होऊन स्वतःच ओळख देते. दुसराही धागा लख्ख पिवळा झाला, तर संश्लेषित, म्हणजे कृत्रिम रंगाचा संशय पक्का. तो नेमका कोणता, हे कागदी क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे द्रावकाबरोबर रंग कागदावर वर चढू देऊन, माहितीच्या रंगांशेजारी ठिपका चढवून पाहतात.

मोजणी त्यामानाने सोपी. धाग्यावरून उतरवलेल्या पाण्यातला अमोनिया उडवायचा, पाणी घालून द्रावण ५० मिलिलिटर करायचं आणि ४२६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला त्याचं शोषण, म्हणजे ते किती प्रकाश अडवतं, ते यंत्रावर वाचायचं. टार्ट्राझिनच्या १ टक्का द्रावणाचं शोषण सुमारे ५३० धरतात. तुमचं ०.५३ आलं तर मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम, ५० मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे जिलबीत किलोमागे ५० मिलिग्रॅम. मिठाईत टार्ट्राझिनला परवानगी आहे, मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम. पण केशर सांगून तो घालणं ही फसवणूकच.

तरी या ५०वर मी लगेच सही करत नसे. बिनरंगी जिलबीत १ मिलिग्रॅम टार्ट्राझिन मुद्दाम मिसळून तीच सगळी कृती करायची. हाती ०.८ आलं तर आपण शंभरातले ऐंशीच काढतो, म्हणून ५०चे साधारण ६२ धरायचे. यंत्र क्वचित फसवतं. नमुन्यात मागे राहिलेला रंग मात्र हमखास फसवतो.

लेकीला मेंढीची लोकर आणून द्या. एका भांड्यात जिलबीचं पाणी, दुसऱ्यात नुसतं केशराचं, तिसऱ्यात बाजारचा खायचा पिवळा रंग असं शेजारी-शेजारी करू द्या. अमोनिया तुमच्यासमोर, खिडकी उघडी ठेवून. ती भांडी परत स्वयंपाकाला नकोत. आणि ॲक्रिलिकचा तो जळका मणीही चिठ्ठी लावून प्रदर्शनात मांडायला सांगा.