पाय आखडतात, एमआरआय नॉर्मल, तरी एमएनडीची भीती जात नाही

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपासून मांड्या-पोटऱ्या आखडतात, रात्री आडवं झालं की पोटरी फडफडते, आणि एमआरआय नॉर्मल येऊनही एमएनडी (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार), पार्किन्सन्स हेच डोक्यात घोळतंय. मी सव्वा वर्ष यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फडफडीचं बोलू, कारण झोप बहुधा तिनेच उडवली असणार. फडफड आहे पण बाकी तपासणीत दोष नाही, अशा 121 जणांचा मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अनेक वर्षं मागोवा घेतला होता. 1993 साली ते प्रसिद्ध झालं. एकालाही एमएनडी झाला नव्हता. डॉक्टर ज्याला ताकद जाणं म्हणतात ते थकव्यापेक्षा वेगळं असतं. पाऊल उचललं जात नाही, टाचांवर चालता येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, आणि हे वाढत जातं. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसलं नाही.

आता आखडणं. हा एकच शब्द आपण कितीतरी वेगळ्या त्रासांना वापरतो आणि डॉक्टरांपुढे तिथेच घोटाळा होतो. घट्ट आवळलेली मूठ पटकन उघडत नसेल, पण चार-पाचदा केल्यावर मोकळी होत असेल, तर मायोटोनियाचा विचार होतो. सकाळी तासभर कंबर किंवा खांदे जखडलेले आणि मग हळूहळू सुटतात, हे सांध्यांच्या किंवा सुजेच्या आजाराकडे जातं, पन्नाशीपुढे पॉलिमायल्जिया नावाच्या सुजेच्या आजाराकडे. दचकल्यावर पाठ-पाय लाकडासारखे होतात तो स्टिफ पर्सन सिंड्रोम दहा लाखांत एक-दोघांना होणारा, पण त्यासाठी जीएडी अँटिबॉडीची रक्ततपासणी आहे. आणि औषधं! कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने स्नायू दुखतात, उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने पार्किन्सन्ससारखा ताठरपणा येऊ शकतो. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा.

माझ्या बाबतीत पहिल्या डॉक्टरांनी "ताण आहे" म्हणून रक्तही न तपासता घरी पाठवलं. त्याचा राग मला अजून आहे. त्यानंतर मी रात्र-रात्र वाचत बसायचो आणि दिवसातून तीस-तीस वेळा टाचांवर चालून बघायचो. पोटऱ्या त्यानेच आणखी दुखायच्या, आणि ते दुखणं मी पुरावा म्हणून धरायचो. हे तुम्ही करत असाल तर कृपा करून थांबवा.

दुसऱ्या डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले, पावलं मागे लोंबती. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटकन मागे गेलं, पण परत येताना अगदी सावकाश आलं. त्यांनी दोन्ही पायांवर पुन्हा करून पाहिलं आणि म्हणाले, "थायरॉइड बघू." टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; तो वाढला म्हणजे थायरॉइड कमी काम करतंय) भरपूर वाढलेला निघाला, सीकेही (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं. गोळी सुरू झाली. आखडणं एका रात्रीत गेलं नाही, पाच-सहा महिने लागले. पण गेलं.

तुमचंही तेच असेल असं मी म्हणत नाही. मात्र मेंदूच्या एमआरआयमध्ये थायरॉइड दिसत नाही, कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा ड जीवनसत्त्वही दिसत नाही. टीएसएच, सीके, हे क्षार, ड जीवनसत्त्व, ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) झालं नसेल तर विचारून घ्या. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना आखडलेल्या क्षणाचा मोबाइलवर व्हिडिओ न्या; तपासणीच्या वेळी पाय हटकून बरा असतो. ईएमजी (स्नायूंची सुईने होणारी तपासणी) सांगितलं तर घाबरू नका, सुया टोचतात पण सहन होतं.

थांबायचं नाही अशा गोष्टी मात्र आहेत: लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिरपणा, गिळायला किंवा श्वासाला त्रास, तापासोबत अंग ताठ होणं, जखमेनंतर जबडा न उघडणं, गडद तपकिरी लघवी. यात अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जा.

तुमचा टीएसएच कधी झालाय का, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत? तेवढं लिहा, मग पुढचं बोलू.