गादीत उरलं काय होतं? – बोत्स्वानाचे बाथोएन दुसरे

‘चाळीस वर्षं गादीवर बसलेला माणूस साठी उलटल्यावर ती सोडून विरोधी पक्षात कशाला जाईल? सत्तेची हावच ना?’ असं तुम्ही विचारलंय. हाव म्हणा हवं तर, पण आधी त्या गादीत उरलं काय होतं ते बघा.

बाथोएन 1928 पासून दक्षिण बोत्स्वानातल्या कान्येला बांग्वाकेत्से लोकांचे क्गोसी, म्हणजे प्रमुख. जमीन वाटून द्यायची ती त्यांनी, क्गोत्लात (आपली चावडी समजा) निवाडे करायचे ते त्यांनी, बेवारस गुरंसुद्धा त्यांच्याकडेच जमा व्हायची. इंग्रजांनी प्रमुखांचे अधिकार छाटायला घेतले तेव्हा हा गडी शेजारच्या बांग्वातो लोकांचा कारभार बघणाऱ्या त्शेकेदी खामांबरोबर थेट हाय कमिशनरविरुद्ध, म्हणजे इंग्रजांच्या तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध, कोर्टात गेला होता. 1936 मध्ये दावा हरले, ते सोडा.

स्वातंत्र्य आलं 1966 ला, आणि गादी खरी पोखरली ती आपल्याच सरकारने. जिल्हा परिषदा आल्या. बेवारस गुरं परिषदेकडे गेली. जमीनवाटप भूमी मंडळांकडे द्यायचा कायदा 1968 ला झाला. प्रमुखांचं वेगळं सभागृह होतं, पण त्याने फक्त सल्ला द्यायचा. आणि हे सगळं करणारे राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा स्वतः बांग्वातो गादीचे वारस! त्यांनी आपला हक्क 1956 लाच सोडला होता, म्हणून त्यांना ते जड गेलं नसावं.

1969 मध्ये बाथोएन पायउतार झाले, गादी मुलाकडे, सीपापित्सोकडे, गेली आणि बाथोएन संसदेच्या निवडणुकीला कान्येतून उभे राहिले. समोर उपराष्ट्राध्यक्ष क्वेट मसिरे. मसिरे कान्येचेच, तिथल्या शाळेचे एकेकाळचे मुख्याध्यापक. दोघांचं जुनं वाकडं. मसिरे पडले. नंतर विशेष निवडीच्या जागेवरून ते संसदेत परतले आणि 1980 ला राष्ट्राध्यक्षही झाले.

बाथोएननी निवडलेला पक्ष मात्र बघण्यासारखा: केनेथ कोमांचा बोत्स्वाना नॅशनल फ्रंट, चक्क डाव्यांचा. वंशपरंपरागत राजा आणि समाजवादी एका तंबूत! त्या वर्षी 31 पैकी 3 जागा मिळाल्या, तिन्ही बाथोएनच्याच मुलखात. म्हणजे मतं समाजवादाला नव्हती, क्गोसीला होती, असं माझं मत. 1974 ला तर दोनच जागा आल्या.

ते स्वतः 1985 पर्यंत संसदेत होते. पुढे पारंपरिक न्यायालयांवरच्या अपील कोर्टाचे अध्यक्ष झाले, म्हणजे म्हातारपणी पुन्हा निवाडेच करायला बसले.