मानसिक आघातानंतर गायला गेलं की गळा दाटतो, आवाज फुटत नाही. पुन्हा सुरुवात कुठून करावी?

गाण्यापासून नको, नुसत्या आवाजापासून करा. शरीर सतत धास्तावलेलं असलं की जबडा, जिभेचं मूळ आणि मानेचे स्नायू आवळून राहतात, स्वरयंत्र वर ओढलं जातं. स्वरतंतू धडधाकट असूनही आवाज दबका किंवा चिरका येतो. अशा वेळी ‘मोकळेपणाने गा’ म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

आधी अर्धा ग्लास पाणी आणि स्ट्रॉ घ्या. स्ट्रॉ दोन सेंटीमीटर बुडवा आणि तिच्यातून ‘ऊ’ असा सूर लावा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. तुटक आले तर श्वास अडतोय, आणि सूर न लागता नुसते बुडबुडे आले तर फक्त हवा जातेय. तोंडात तयार होणाऱ्या दाबामुळे स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आदळतात. शिवाय या गुडगुडीत स्वतःचा आवाज थेट कानावर पडत नाही, आणि सुरुवातीला तेच फार मोलाचं असतं. पाच मिनिटं पुरे.

मुद्दाम खोल श्वास भरू नका. त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि शरीराला तीच जुनी घबराट वाटते. श्वास नेहमीसारखा घ्या, सोडताना लांबवा. डोळे उघडे ठेवा, दार दिसेल असं बसा.

हे सवयीचं झालं की ओठ मिटून गुणगुणा. कुणाचं ऐकताना सहज ‘हं’ म्हणता, तोच तुमचा आजचा सा, म्हणजे गाण्याचा आधारस्वर. जुन्या पट्टीचा हट्ट धरला की गळा पुन्हा आवळतो. अनेकांचं इथेच बिनसतं. मग आकार, म्हणजे नुसत्या ‘आ’वर गाणं, मग सरगम. शब्द सगळ्यात शेवटी, कारण आठवणी शब्दांना चिकटलेल्या असतात. त्या घटनेशी जोडलेलं गाणं सध्या बाजूलाच राहू द्या. रेकॉर्डिंगही इतक्यात नको.

मध्येच रडू आलं तर रेटून गाऊ नका. थांबा, पावलं जमिनीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. तोही आवाजच आहे.

घटनेत गळा दाबला गेला असेल, उपचारात श्वासनळीत नळी घातली असेल किंवा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर यातलं काहीही करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. आणि रियाजानंतर झोप उडत असेल, प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील, तर रियाज थांबवून समुपदेशकांशी बोला.