नागपूरला धंतोलीत डॉक्टरकडे जायच्या आधी हे वाचून घे

अगं, तुम्हा दोघींना बाळ हवंय ना, मग आधी हे ठरवा की ते पोटात कोण वाढवणार, कारण २०२१ च्या एआरटी (म्हणजे मूल होण्यासाठीच्या उपचारांच्या) कायद्यात तुम्ही दोघी जोडपं म्हणून बसतच नाही, पण २१ ते ५० वयाची एकटी बाई म्हणून तुमच्यापैकी एकीला ट्रीटमेंट घेता येते, मग धंतोली-रामदासपेठेत फोन करतानाच सरळ विचारून घे न की सिंगल वूमन घेता का, आम्हाला एका ठिकाणी तीन चकरा मारल्यावर नाही म्हटलं, फार रडली होती मी.

एएमएच (बीजांचा साठा किती आहे ते सांगणारी रक्ताची टेस्ट) आणि गर्भाशयाच्या नळ्यांची टेस्ट आधी करा. नळ्या मोकळ्या असल्या तर आययूआय (यात स्पर्म सरळ गर्भाशयात सोडतात) पासून सुरुवात करता येते, खर्च कमी, त्रासही कमी. आयव्हीएफमध्ये (बीज बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करतात) दहा-बारा दिवस इंजेक्शनं असतात. एकीचं बीज न दुसरीचं गर्भाशय, हे आपल्याकडच्या कायद्यात बसत नाही, माहीत आहे तुम्हाला तेच हवं होतं. स्पर्म रजिस्टर्ड बँकेतूनच घ्या, ओळखीच्या मित्राकडून घरच्या घरी अजिबात नको, इन्फेक्शनची भीती असतेच आणि उद्या त्याने बाप म्हणून हक्क सांगितला तर काय करशील?

आणि कागदावर आई एकच राहते बाई, म्हणून गरोदरपणातच वकिलाला भेटून मृत्युपत्र करा, दुसरीचं नाव गार्डियन म्हणून टाका.