पहिला पगार आणि भाड्याचं घर

नोकरी लागली, मनापासून अभिनंदन! घर बघताना मात्र भाड्याचा हिशेब ऑफर लेटरवरच्या आकड्यावर करू नकोस. कर आणि कपाती जाऊन खात्यात जमा होतो तोच खरा पगार. त्यातले ३० टक्के घरावर गेले तर परवडतं, असं साधारणपणे धरतात. त्यात वीज, पाणी, देखभालही मोज. पगार लहान असेल तर तेवढेही जड जातात, कारण किराणा आणि औषधं पगार बघून स्वस्त होत नाहीत.

लांबचं घर स्वस्त दिसतं. पण रोज जाऊन-येऊन तीन तास गेले, तर कामाच्या २२ दिवसांत ६६ तास होतात. म्हणजे आठ दिवसांहून जास्त ड्यूटी, तीही बिनपगारी! प्रवासखर्च वेगळाच. त्यापेक्षा रूममेट शोध, पण जवळ राहा, असंच मी सांगेन.

करारात भाडेवाढ, नोटीस आणि अनामत परत मिळण्याच्या अटी सहीआधी वाच.

आणि महागाई ६ टक्के असताना पगार ५ टक्के वाढला, तर तो खरं म्हणजे घटलाच. हे साहेबांपुढे स्पष्ट मांड. त्याआधी त्याच कामाला इतरत्र काय मिळतं ते विचारून ठेव, सहकाऱ्यांशीही पगाराबद्दल मोकळेपणी बोल.