टीबी, पोषण किट आणि घरात सगळ्यात शेवटी जेवणारी बाई

(या वेळी टीबीवरची तीन पत्रं एकत्र घेतलीत. पहिल्याला जरा जास्त जागा गेली, पण ते पत्रच तसं होतं.)

प्रश्न : आम्ही इचलकरंजीत राहतो, मिस्टर यंत्रमागावर कामाला. दोन महिने खोकला होता, धुळीचा असेल म्हणून अंगावर काढला, मग थुंकी तपासली तर टीबी निघाला. गोळ्या चालू होऊन तीन आठवडे झाले. उंची पाच फूट पाच इंच, वजन ५२ होतं ते ४३ वर आलंय. मेडिकलवाला म्हणतो प्रोटीन पावडरचा डबा घ्या, तो महाग आहे. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळं केलंय आणि भात बंद केलाय, कफ होतो म्हणून. दोन मुलं आहेत, ९ आणि ४ वर्षांची. आशाताईंनी पोषण किट मिळेल म्हणून सांगितलं, ते फक्त पेशंटनेच खायचं का?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे येतोच, पण आधी सोपं सोपं उरकू.

भात चालू करा. आजच. ४३ किलोच्या माणसाचं कुठलंही अन्न बंद करायचं नसतं, भाताने टीबीचा कफ वाढतो याला काही आधार नाही. ताट-तांब्या वेगळं ठेवायचीही गरज नाही, टीबी भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क, खिडक्या उघड्या आणि गोळ्या न चुकता, ह्या तीन गोष्टी झाल्या की बरंच काम झालं. गोळ्या नीट लागू पडल्या की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो, म्हणजे तुमच्याकडे ताट वेगळं करण्यात सगळी मेहनत चाललीय आणि खरा धोका होता तो आधीच्या दोन महिन्यांत, जेव्हा सगळे एकाच खोलीत झोपत होतात आणि कुणाला काही माहीत नव्हतं. सासूबाईंना रागावू नका, त्यांच्या लहानपणी हेच शिकवलं जायचं.

प्रोटीन पावडरचा डबा राहू दे. त्या पैशात अंडी, डाळ, शेंगदाणे, फुटाणे, सुकट परवडत असेल तर सुकट, रोज एक कप दूध, एवढं येतं आणि घरातले सगळे खातात. सुरुवातीला गोळ्यांनी मळमळतं, लघवी केशरी होते (घाबरू नका, एका गोळीचा रंग आहे तो), पण काही आठवड्यांनी भूक जी उसळते ना, ती अशी की माणूस दोन भाकऱ्यांवर थांबत नाही. नेमकं त्याच वेळी घरात पगार नसतो. गोळ्यांनी भूक लागते आणि खायला नाही म्हणून गोळी टाळणारे पेशंट मी पाहिलेत, बाहेरून बघणाऱ्याला तो निष्काळजीपणा वाटतो.

आता किटचं. झारखंडमध्ये ‘रेशन्स’ नावाचा मोठा प्रयोग झाला, डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेला, निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. चार जिल्ह्यांतले २,८०० टीबी पेशंट आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. पेशंट सगळ्यांनाच महिन्याला १० किलोचं किट दिलं, तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. खरी गंमत घरच्यांची. अर्ध्या भागांमध्ये घरच्यांनाही तांदूळ-डाळ दिली, अर्ध्यांमध्ये नेहमीसारखं फक्त पेशंटला. पुढे बघितलं तर ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळालं तिथे नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुफ्फुसाचा, तपासणीत जंतू सापडलेला टीबी ४८ टक्क्यांनी कमी. लस नाही, नवीन औषध नाही, तांदूळ आणि डाळ! साधारण ३० घरांना धान्य दिलं की एक टीबी टळतो असा त्यांचा हिशोब आहे.

त्याच पेशंटमध्ये अजून एक दिसलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. आता हे वाचताना जरा जपून, ज्याचा आजार मुळात हलका त्याचं वजनही लवकर वाढणार, त्यामुळे सगळं श्रेय खाण्याला देता येत नाही. पण खूण म्हणून उत्तम आहे. ४३ चे पाच टक्के म्हणजे दोन किलोच्या थोडं वर. दोन महिन्यांनी काटा ४५ च्या पुढे दिसला पाहिजे, नसेल तर थुंकीच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका, सरळ जाऊन डॉक्टरांना सांगा.

तर किट कुणी खायचं? तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला खटकली. नवऱ्याचं वजन लिहिलंत, मुलांची वयं लिहिलीत, तुमच्याबद्दल एक अक्षर नाही. आपल्याकडे पेशंटला आधी, मग मुलांना, मग म्हाताऱ्या माणसांना आणि उरलं तर हिला, हा क्रम कुणी लिहून ठेवलेला नाही तरी घराघरात तोच असतो, आणि तीच बाई रात्री खोकणाऱ्याच्या उशाशी बसते. एकाच्या नावावर आलेल्या किटमध्ये पाच जण जेवले तर कुणाचंच धड भागत नाही हे मलाही कळतं. म्हणून किट एकट्याचं की सगळ्यांचं यावर घरात वाद घालण्यापेक्षा आशाताईंना विचारा की घरच्यांसाठी वेगळं मिळेल का, कारण २०२४ पासून निक्षय मित्र योजनेत (दाते टीबी पेशंटला धान्याचं किट देतात ती) घरच्या माणसांनाही किट द्यायची सोय केलीय. मिस्टरांच्या बँक खात्यावर महिन्याला १,००० रुपयेही यायला हवेत (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवले), आधार लिंक नसेल तर ते अडकतात, तेवढं बघा.

आणि उद्या दवाखान्यात जाल तेव्हा तुम्ही स्वतः काट्यावर उभ्या रहा. सासूबाई आणि दोन्ही मुलांनाही न्या. चार वर्षांच्याला आजार नाही अशी खात्री झाली की प्रतिबंधात्मक गोळ्या द्यायच्याच असतात. बाकीच्यांच्या गोळ्यांचंही विचारा, आठवड्यातून एकदा असा १२ आठवड्यांचा कोर्सही असतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, मिरजेचा. १९५० च्या सुमारास माझे काका वानलेसवाडीच्या टीबी सॅनेटोरियममध्ये होते. दूध, अंडी, विश्रांती, मोकळी हवा हाच उपचार. पुढे घरीच गोळ्या घ्या म्हणाले, खाण्याचं महत्त्व नाही म्हणाले. आता परत पोषण आहार. डॉक्टर लोकांचं नक्की ठरलंय काय?

उत्तर : सर, टोमणा पोचला. आणि तो रास्त आहे.

झालं असं की १९५६ मध्ये मद्रासला टीबीचं संशोधन केंद्र सुरू झालं, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटिश आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार सगळे मिळून. प्रश्न असा होता की सॅनेटोरियममध्ये खाटा मूठभर आणि पेशंट लाखो, मग घरीच औषध दिलं तर चालेल का? गरीब वस्तीतले पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एक सॅनेटोरियमला, एक घरी, औषधं दोघांना सारखीच. सॅनेटोरियमवाल्यांना खाणं चांगलं, खाट, आराम. घरी राहिलेल्या पेशंटना दाटीवाटी, कमी खाणं, बऱ्याच जणांना कामही चुकलं नाही. वर्षभराने दोन्हीकडे थुंकीतले जंतू जाण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. १९५९ ला हे छापून आलं आणि जगभरातली सॅनेटोरियमं हळूहळू बंद पडली. तुमच्या काकांसारख्यांना घरापासून तोडून ठेवायची गरज संपली, ही फार मोठी गोष्ट होती आणि ती आपल्याकडे सिद्ध झाली.

पण त्यातून अर्थ काढला गेला तो जरा जास्तच. औषध नीट घेतलं तर कमी खाऊनही जंतू मरतात, एवढंच त्या प्रयोगाने दाखवलं होतं. त्याचं झालं ‘टीबीत खाण्याला महत्त्व नाही’. सॅनेटोरियमवाल्यांचं वजन जास्त वाढलं होतं, त्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. आणि मुख्य म्हणजे टीबीचा जंतू अंगात असलेली माणसं आपल्याकडे अगणित, त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, मग ज्यांना होतो त्यांनाच का, हा प्रश्न तिथे विचारलाच नव्हता. त्याच्या उत्तरात भूक फार वरच्या नंबरावर आहे. वजन-उंचीच्या हिशोबातला बीएमआय एका अंकाने वाढला की टीबीचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो, असं अनेक देशांतल्या आकड्यांवरून दिसलंय.

तुम्ही शिक्षक, म्हणून इतिहासातलं एक सांगतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत ब्रिटिश सैनिक होते आणि रशियनही. छावणी तीच, शिधा तोच, दाटीही तीच, फरक एवढाच की ब्रिटिशांना रेड क्रॉसची खाण्याची पार्सलं यायची. टीबी रशियनांमध्ये कितीतरी पटींनी जास्त निघाला. असा प्रयोग आज कुणी मुद्दाम करूच शकत नाही, करूही नये.

तेव्हा ठरलंय एवढंच सर, की औषधाशिवाय नुसतं दूध-अंडी हे काकांच्या काळात पुरलं नाही, आणि अन्नाशिवाय नुसत्या गोळ्यांवर देशातला टीबी हटेल असं आम्ही पन्नास वर्षं धरून चाललो, ते चुकलं. चूक आमच्या बिरादरीची आहे. डाळ-तांदूळ प्रिस्क्रिप्शनवर लिहिता येत नाही ना, म्हणून ते कुणाच्याच खात्यात नव्हतं, आरोग्य खातं म्हणणार रेशनिंगचं काम, रेशनिंगवाले म्हणणार आजाराचं आम्हाला काय माहीत.

प्रश्न : वय ४६, वजन ८४, खाऊनपिऊन सुखी, पुण्यात आयटीत आहे. तुम्ही म्हणता टीबी उपाशी माणसाला होतो, मग मला कसा झाला?

उत्तर : उपाशी माणसालाच होतो असं नाही म्हटलं. तुम्ही शुगर तपासलीय का? डायबेटिस असेल तर टीबीचा धोका साधारण तिप्पट होतो आणि कित्येकांना डायबेटिस आहे हे टीबीच्या तपासण्यांतच पहिल्यांदा कळतं. टीबीच्या प्रत्येक पेशंटची शुगर आणि एचआयव्ही तपासायचं असतंच, खासगी दवाखान्यात राहून गेलं असेल तर स्वतःहून मागा. आधीच शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या एकत्र दाखवा, टीबीच्या औषधाने काही शुगरच्या गोळ्यांचा जोर कमी होतो आणि डोस बदलावा लागतो. आणि ८४ वरून वजन उतरत असेल तर सध्या खूश होऊ नका, डाएट-बिएट कोर्स संपल्यावर बघू.